संगणकाला सुटलेला घाम

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

२०१९ सालच्या जुलैमधली एक सकाळ. आमचं घर कोकणात, खाडीच्या काठाला. रात्रभर कोसळून पाऊस नुकता कुठे थांबला होता. पापडाचा डबा उघडावा तर पापड सादळलेले, मीठ बरणीतून हलायला तयार नाही, आणि दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही तसेच ओले. अशात माझा भाचा हातात एक पाटी घेऊन दारात उभा राहिला. शाळेची नव्हे, संगणकाच्या पोटातली मुख्य पाटी. तिला मदरबोर्ड म्हणतात. म्हणाला, ‘‘मामू, हात लावून बघा. भिजलाय.’’

मी म्हटलं, ‘‘घर गळतंय काय तुझं?’’

‘‘वर स्लॅब आहे, मामू. पाणी बाहेरून नाही आलं. आतच तयार झालं.’’

मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी वाङ्मय घेऊन. दवावर मी आजवर डझनभर तरी कविता लिहिल्या असतील. पण दव म्हणजे नेमकं काय, हे मला त्या सकाळनंतर शिकावं लागलं. कारण अगदी स्वार्थी होतं. माझ्या नव्या संग्रहाचं सगळं टंकलेखन त्याच संगणकात होतं, आणि हातची प्रत मी मोठ्या विश्वासाने रद्दीत घातली होती.

आता हा मुलगा काय उद्योग करत होता ते सांगतो. तो लग्नांचे व्हिडिओ जुळवून देतो. त्या कामाला संगणक वेगवान लागतो. प्रत्येक प्रोसेसरला कारखान्यातून एक वेग ठरवून दिलेला असतो. पण थोडा जास्त दाब देऊन, म्हणजे व्होल्टेज वाढवून, त्याला त्याहून जोरात पळवता येतं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. जोरात पळणारा माणूस तापतो तसा प्रोसेसरही तापतो. मग त्याला थंड करायचं. साध्या पंख्याने करा, पाणी खेळवून करा, आणि त्यानेही मन भरलं नाही तर बर्फाहून गार करा. जगभर या प्रकाराच्या स्पर्धा चालतात. २००३ साली द्रव नायट्रोजनच्या साहाय्याने पेन्टियम ४ प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झपर्यंत पळवून दाखवला होता, त्याचा मोठा गाजावाजा झाला. २०२२ साली द्रव हेलियम वापरून ९ गिगाहर्ट्झचा टप्पाही ओलांडला गेला. आमच्या भाच्याची झेप एवढी नव्हती. त्याने पेल्टिए नावाची चकती वापरली होती. १८३४ साली जाँ पेल्टिए या फ्रेंच माणसाने शोधलेल्या गुणावर ती चालते. तिच्यातून वीज सोडली की एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. गाडीत ठेवायच्या छोट्या शीतपेट्यांत हीच चकती असते. गार बाजू प्रोसेसरला टेकवायची, तापलेल्या बाजूला पाणी खेळवायचं. युक्ती चांगली. पण ती कुठे बसून करतो आहोत, हे तो विसरला.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. पंखा आणि साधं पाणी ही दोन्ही साधनं प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा गार करूच शकत नाहीत. खोलीत ३० अंश असतील तर प्रोसेसर ३० च्या वरच राहणार. म्हणून घरोघरच्या संगणकांना घाम सुटत नाही. खोलीपेक्षा गार व्हायला लागलं की खरी कथा सुरू होते.

ती कथा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता. इफ्तारच्या वेळी दस्तरखानावर बर्फ घातलेल्या सरबताचा जग ठेवला की दोन मिनिटांत त्याला बाहेरून पाणी सुटायचं आणि खाली ओलं वर्तुळ उमटायचं. लहानपणी मला वाटायचं, जग पाझरतो. माठ पाझरतो तसा. पण माठ मातीचा, त्याला बारीक छिद्रं असतात. स्टीलचा जग कसा पाझरेल? आणि पाझरलाच तर बाहेरचं पाणी गुलाबी आणि गोड असायला नको का? ते पाणी जगातलं नसतंच. ते हवेतलं असतं.

आपण म्हणतो, दव पडलं. मीही तसंच लिहीत आलो. आभाळातून अलगद उतरणारं दव वगैरे. पण विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरने लंडनमध्ये रात्री जागून, लोकरीचे छोटे पुंजके मोजून उघड्यावर ठेवून, त्यांचं वजन किती वाढतं ते पाहून १८१४ साली एक निबंध लिहिला. त्याचा निष्कर्ष असा की दव वरून पडत नाही. गवताचं पातं रात्री आपली उष्णता आभाळाकडे टाकून हवेपेक्षा गार होतं, आणि त्याला टेकलेल्या हवेतली वाफ तिथल्या तिथे पाणी होते. म्हणजे पडत नाही, धरतं. आमच्याकडची बायकामाणसं ‘भिंतींना ओल धरली’ म्हणतात, ते शास्त्राला जास्त जवळचं आहे.

हवेच्या अंगात वाफ किती मावते, हे तिच्या तापमानावर ठरतं. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ राहते. २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅम. शून्य अंशाला पाचच्या आत. हवामानाच्या बातम्यांत ‘सापेक्ष आर्द्रता ८० टक्के’ असं ऐकतो, त्याचा अर्थ जितकी मावू शकते तिच्या ८० टक्के वाफ हवेत आहे. आता हीच हवा थंड करत जा. तिची ऐपत घटत जाईल, आणि एका तापमानाला ती तुडुंब होईल. त्याच्या खाली गेलात की वाफ पाणी होऊन बाहेर पडणार. या तापमानाला दवबिंदू म्हणतात.

आमच्याकडे पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के हे काही विशेष नव्हे. त्या हवेचा दवबिंदू २६ अंश येतो. म्हणजे कुठलीही वस्तू २६ अंशांखाली गेली की तिच्यावर पाणी धरणार. अवघी चार अंशांची सवलत! दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीतल्या हवेत त्या दिवशी अर्ध्या लीटरहून जास्त पाणी तरंगत असतं. दिसत नाही एवढंच. याउलट मे महिन्यात सोलापूरला समजा ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता आहे. अंगाची लाही होते, पण दवबिंदू तेरा अंशांच्या आसपास. वातानुकूलित खोलीत २४ अंश आणि ५० टक्के असले तरीही तेराच. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने सोलापूरची रखरखीत दुपार आणि एसीची गार खोली दोन्ही सारख्याच. हे मला कळलं तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं.

दवबिंदू घरी मोजता येतो. स्टीलच्या पेल्यात खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या, त्यात तापमापक ठेवा आणि थोडाथोडा बर्फ घालत ढवळत राहा. पेल्याच्या चकचकीत अंगावर पहिलं धुकं धरलं की तापमापक वाचा. तोच त्या खोलीचा दवबिंदू. जॉन डॅनियल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२० च्या सुमाराला याच तत्त्वाचं उपकरण केलं होतं, फक्त बर्फाऐवजी ईथर वापरलं. बाजारात तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटाही मिळतो, पण पेल्यात मजा जास्त आहे.

आता त्या रात्री काय झालं? भाच्याने पेल्टिए चकतीसाठी वेगळा वीजपुरवठा जोडला होता. दिवसा सगळं ठीक चाले, कारण पळणारा प्रोसेसर भरपूर उष्णता फेकतो आणि चकती ती शोषते. दोघांची बरोबरी राहते. रात्री पावसात वीज गेली. तासाभराने आली. संगणक मात्र आपोआप सुरू झाला नाही, कारण बहुतेक संगणक वीज गेली की बंदच राहतील अशी सोय केलेली असते. चकतीचा पुरवठा मात्र विजेबरोबर सुरू झाला. प्रोसेसर झोपलेला, उष्णता द्यायला कोणी नाही, आणि चकती आपली गार करतेच आहे. पहाटेपर्यंत प्रोसेसरभोवती हिमाचा थर धरला होता. सकाळी त्याने चकती बंद केली, चहा घेऊन आला आणि संगणकाचं बटण दाबलं. तोवर हिम वितळून पाणी झालं होतं.

शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक, असं भाचा सांगतो. पण पाटीवर धरलेलं पाणी शुद्ध राहत नाही. त्यात धूळ मिसळते, डाखकामाचे अवशेष विरघळतात, आणि खाडीकाठी असाल तर खारं वारं आपला वाटा टाकतं. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिच्यात हजाराहून अधिक टोकं असतात, एकमेकांपासून मिलिमीटरभर अंतरावर. एका थेंबाने दोन टोकं जोडली की काम संपलं. लगेच जळलं नाही तरी वीज चालू असताना ओल राहिली तर तांबं हळूहळू खाल्लं जातं, हिरवट बुरशीसारखं दिसतं, आणि महिन्याभराने पाटी दगा देते. दोष मग नशिबाला दिला जातो.

प्रोसेसर आणि पाटी दोन्ही गेली. सहा महिन्यांची बचत होती. हार्ड डिस्क थंडाव्यापासून दूर असल्याने वाचली, आणि तिच्यातून माझ्या कविताही.

मग आम्ही मामा-भाचे उपायांच्या मागे लागलो. तत्त्व म्हणाल तर एकच आहे. गार जागेला हवा शिवू द्यायची नाही. हवा शिवली नाही तर वाफ येणार कुठून? पण करायला बसलं की हे तत्त्व घाम काढतं.

पहिली गोष्ट फोम. कुठला फोम, यावर सगळं आहे. अंघोळीचा स्पंज असतो त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली, म्हणून तो पाणी पितो. तसला लावलात तर हवा आत शिरणार आणि ओलं फडकं पाटीला बांधल्यासारखं होणार. हवा तो बंद बुडबुड्यांचा फोम. एसीच्या तांब्याच्या नळीवर काळं रबरी वेष्टण असतं, तेच. ते पत्र्यासारखं सपाटही मिळतं. ते कापून प्रोसेसरच्या खाचेभोवती घट्ट बसवायचं. उंचसखल भागांच्या फटीत चित्रकारांचा मळता येणारा खोडरबर दाबून भरतात, कारण फटीत अडकलेली हवाही आपली वाफ सोडतेच. आमच्या उकाड्यात हा खोडरबर मऊ पडून भागांना चिकटून बसतो आणि काढताना जीव नकोसा होतो, हे मात्र सांगून ठेवतो. काही जण पेट्रोलियम जेली चोपडतात. स्वस्त, चिकट, पण हवेला चांगली अडवते. काही जण पाटीवर वॉर्निशासारखा पारदर्शक लेप देतात. तो देताना खाचा आणि जोडण्या सोडाव्या लागतात, नाहीतर वीजही अडते. आणि यातलं काहीही केलंत की कंपनीची हमी गेली असंच समजा.

दुसरी गोष्ट पाटीची मागची बाजू. भाचा हीच विसरला होता, आणि पुष्कळ जण विसरतात. थंडी तांब्यातून आरपार जाते. समोर चिलखत आणि पाठ उघडी, असं चालत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या हवेची आहे. नुसता फोम लावून भागत नाही. फोमच्या बाहेरच्या अंगाचं तापमानही दवबिंदूच्या वर राहायला हवं, नाहीतर फोमलाच घाम सुटतो आणि थेंब ओघळून नको तिथे जातात. थंड देशातल्या हौशी मंडळींच्या खोलीत समजा २० अंश आणि ४० टक्के आर्द्रता आहे. त्यांचा दवबिंदू ६. म्हणजे फोमचं बाहेरचं अंग खोलीपेक्षा १४ अंश गार झालं तरी त्यांना फिकीर नाही. आपल्याला सवलत चारच अंशांची. आतलं तापमान उणे ४० असेल तर ठोकळ हिशेबाने त्यांच्या चार-पाच पट जाड फोम आपल्याला लागतो. एवढा जाड फोम त्या दाटीत मावतच नाही. भाच्याने परदेशी मंडळींच्या मापाने फोम कापला होता. माप बरोबर होतं, गाव चुकलं होतं.

मग जाडी मावत नसेल तर काय? फोमच्या अंगावर छोटा पंखा सोडायचा. पंखा दव वाळवतो म्हणून नव्हे. तो खोलीची ऊबदार हवा सतत आणून लावतो, त्यामुळे बाहेरचं अंग गार पडू शकत नाही. पाटीच्या मागे बारीक हीटर बसवतात, तोही यासाठीच. एकीकडे गोठवायचं आणि दुसरीकडे शेकायचं, हे ऐकून माझी बहीण पोट धरून हसली होती. पण ते बरोबर आहे.

आणखी एक शहाणा मार्ग आहे. दवबिंदूच्या खाली जायचंच नाही. खोलीत एसी लावून दवबिंदू तेरावर आणायचा आणि प्रोसेसरला गार करणारं पाणी पंधरा-सोळा अंशांवर रोखायचं. मग फोमही नको आणि जेलीही नको. २०२० साली इंटेलने पेल्टिए चकतीचे असे शीतक बाजारात आणवले होते, त्यांत आर्द्रता मोजून दवबिंदूच्या वर थांबायची सोय होती. २०२३ साली ती योजना त्यांनी गुंडाळली. वीज फार खायची आणि लाभ थोडा. तरी कल्पना पटण्यासारखी होती, आणि भाच्याने आता तेच धोरण घरच्या संगणकाला लावलं आहे. शिवाय चकतीचा पुरवठा त्याने संगणकाच्याच पुरवठ्यावर बांधून टाकला. संगणक बंद तर चकतीही बंद.

हौस मात्र फिटली नव्हती. पुढे एकदा मुंबईत मित्राच्या गॅरेजमध्ये तो द्रव नायट्रोजनचा खेळ करणार होता. मला बघायला नेलं. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. आपल्याकडे खेड्यापाड्यात तो नवा नाही. गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या भांड्यात ठेवतात, झाकण काढलं की पांढरा धूर येतो, तेच हे. तो धूर नायट्रोजनचा नसतो बरं का. नायट्रोजन दिसत नाही. गोठलेली हवेतली वाफ दिसते. म्हणजे तेही एक दवच.

तिथे एक पेच उभा राहिला. एक मुलगा म्हणाला, दारं-खिडक्या लावून एसी सोडू या, आर्द्रता कमी होईल, पाटी कोरडी राहील. ऐकायला बरोबर. पण एक लीटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ७०० लीटर वायू होतो. मघाशी सांगितलेल्या दहा फुटी खोलीत २८ हजार लीटर हवा असते. दहा लीटर नायट्रोजन उडाला की सात हजार लीटर वायू झाला, आणि प्राणवायूचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास उतरलं. त्याला वास नाही, रंग नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही. माणूस नुसता खाली बसतो. भाच्याने दार सताड उघडलं आणि म्हणाला, ‘‘पाटी गेली तर दुसरी आणू.’’ मला त्या मुलाचा त्या क्षणी फार अभिमान वाटला. बाहेरून मुंबईची दमट हवा आत आली, तांब्याच्या भांड्यावर हिमाचे काटे उगवले, आणि भांड्याभोवती गुंडाळलेले कागदी टॉवेल कडक झाले.

गोठलेलं पाणी गोठलेलं आहे तोवर फारसं नुकसान करत नाही. धोका खेळ संपल्यावर असतो, कारण सगळं हिम एकदम पाणी होतं आणि सगळ्यांना जेवायला जायची घाई असते. त्या दिवशी त्यांनी प्लग काढला, बोर्डावरची छोटी बॅटरी काढली, आणि पाटी तशीच गुंडाळलेली ठेवून तिच्यावर पंखा लावला. ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोम सोडला, पाणी टिपून घेतलं. प्रोसेसर काढून खाचेत डोकावलं, तिथे दोन थेंब होतेच. मग पुन्हा दिवसभर पंखा.

ज्यांना या खेळात रस नाही त्यांच्याही घरात हे दव येतं. एसीच्या गाडीतून उतरून पावसाळी हवेत लॅपटॉप किंवा कॅमेरा लगेच बाहेर काढला तर गार अंगावर ओल धरते, काचेवर आणि आतही. पिशवीची चेन लावूनच ठेवा आणि बाहेरच्या हवेइतका ऊबदार होईपर्यंत थांबा. तापलेला मोबाईल फ्रिजमध्ये ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. फ्रिजमध्ये त्याला काही होत नाही, बाहेर काढला की होतं.

संग्रह पुढच्या वर्षी निघाला. त्यातल्या एका कवितेत दव पडतं असं लिहिलेलं राहून गेलं आहे. भाच्याने मुद्रितं तपासताना तिथे पेन्सिलीने खूण केली होती. मी ती पुसली.